तणाचें खत

‘तण खाई धन’ ही म्हण आपल्या शेतकऱ्याच्या तोंडीं पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहे, आणि ती खोटी आहे असें कोणीही म्हणणार नाहीं. गुलाबाच्या आळ्यांत घातलेलें शेणखत, वांग्याच्या रोपास घातलेलें पाणी आणि मिरचीला मिळावयाचें ऊन यांवर पहिला हात मारतें तें तण. परंतु या म्हणीचा उत्तरार्ध सांगणारा कोणी आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं. तणानें खाल्लेलें धन जातें कोठें? तें कोठेंच जात नाहीं. तें त्याच्याच पानांत, देठांत आणि मुळांत सांठून राहतें. श्रावणांत खुरपें घेऊन बसलेली गृहिणी तासाभरांत जी पाटीभर हिरवळ उपटून काढते, त्या पाटींत तिच्याच बागेचा नत्र आणि तिच्याच बागेचें पालाश व स्फुरद भरलेलें असतें. तें सारें आपण पिशवींत कोंबून कचऱ्याच्या गाडीच्या स्वाधीन करतों आणि दुसऱ्या दिवशीं रोपवाटिकेंत जाऊन खताची पिशवी विकत आणतों. घरची साय शेजारीं देऊन बाजारांतून लोणी आणण्याचाच हा प्रकार होय.

ताज्या तणाचें वजन केल्यास पांच हिश्श्यांपैकीं चार हिस्से, किंबहुना थोडें अधिकच, निव्वळ पाणी भरतें. उरलेल्या सुक्या भागांत निम्म्याच्या आसपास कर्ब असतो, आणि तो तणानें मातींतून घेतलेला नसून हवेंतून घेतलेला असतो. तेव्हां तण कुजवून मातींत परत घातलें, तर मुद्दल तर हातीं येतेंच, वर सेंद्रिय द्रव्याच्या रूपानें व्याजही मिळतें. पावसाळ्यांतील त्याची कामगिरी याहूनही कमी लोकांना ठाऊक आहे. उन्हाळाभर तापलेल्या मातीवर मृगाच्या सरी पडल्या, कीं मातींतील सूक्ष्म जीव जागे होतात आणि बराचसा नत्र पाण्यांत विरघळणाऱ्या रूपांत मोकळा होतो. नेमके त्याच वेळीं बागेंतले वाफे रिकामे असतात, रोपें अद्याप गादीवाफ्यांतून उचलावयाचीं असतात, आणि आषाढाचा मुसळधार पाऊस हा नत्र मुळांच्या टप्प्याखालीं वाहून नेण्यास टपलेला असतो. त्या दोन-तीन आठवड्यांत जें आपण होऊन उगवतें, तेंच या नत्रास धरून ठेवतें. हा उपकार मान्य करण्यास माळी सहसा राजी होत नाहीं. पण तो खरा आहे.

वाळलेलें तण जाळून टाकण्याची चाल आपल्याकडे सर्रास आढळते. कोंकणांत भाताच्या रोपांसाठीं राब भाजतात, त्यास कांहीं अर्थ आहे; त्या आंचेनें वाफ्यांतील तणाचें बीं मरतें आणि रोपें निकोप निघतात. परसांतल्या ढिगाला काडी लावणारास मात्र असें कांहींच साधावयाचें नसतें. त्याला फक्त जागा मोकळी हवी असते. राखेंत पालाश राहतें, चुना राहतो, स्फुरदही राहतें. पण नत्र व कर्ब दोन्ही धुराबरोबर जातात, आणि शेजारच्या घरांत खोकला पोंचतो तो वेगळाच. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ मध्यें देशभर मनाई केलेली आहे, हें पुष्कळ सुशिक्षित घरांतही अजून माहीत नसावें असें सकाळच्या वेळीं शहराच्या कोणत्याही भागांतून चालत गेल्यास वाटतें.

उपटलेल्यांपैकीं कांहीं भाग आधीं स्वयंपाकघरांत नेतां येतो, हें आमच्या वडीलधाऱ्या वाचकभगिनींना सांगावयास नको. टाकळा, कुर्डू, घोळ, केना, माठ हीं सारीं माळ्याच्या लेखीं तणें. पण पहिल्या पावसाचा कोवळा टाकळा कोंकणांत घरोघर शिजतो, आणि घोळीची डाळ घालून केलेली पातळ भाजी देशावर आवडीनें खातात. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें कांहीं खावयाचें नाहीं असा दंडक असल्यानें, नांगरल्या-पेरल्यावांचून आलेल्या अशाच भाज्यांना त्या दिवशीं पानांत मान मिळतो. कोवळे शेंडे भाजीस आणि जून देठ ढिगास, अशी वांटणी करावी. पानाची ओळख पक्की पटलेली नसेल, तर मात्र तें पातेल्यांत न टाकतां खतांतच टाकावें.

तणाच्या खतांतील यशापयश बहुतांशीं उपटण्याच्या वेळेवर अवलंबून असतें. आषाढ-श्रावणांत, फूल येण्यापूर्वी काढलेलें तण रसरशीत, लवकर कुजणारें आणि निरुपद्रवी असतें. भाद्रपद लागला, कीं बहुतेक पावसाळी तणांवर तुरे दिसूं लागतात, आणि पितृपंधरवड्याच्या सुमारास पुष्कळांचें बीं पक्व झालेलें असतें. काटेमाठाचा एक तुरा हातावर चोळून पाहावा. मोहरीहूनही बारीक, काळें, चकचकीत असें किती बीं तळहातावर पडतें तें पाहिल्यावर आमच्या म्हणण्याची खात्री पटेल. हें बीं ढिगांत गेलें आणि ढीग नीट तापला नाहीं, तर पुढल्या वर्षीं तें खताबरोबर प्रत्येक आळ्यांत व प्रत्येक कुंडींत जाऊन पडतें. म्हणजे चार महिने खपून आपण बागेंत तणाची पेरणीच केली असें होतें. तणाच्या खताविषयीं अनेकांच्या मनांत जी अढी बसलेली असते ती बहुधा अशाच एखाद्या अनुभवानें. दोष तणाचा नसून तिथीचा असतो.

या बाबतींत दोन तणें विशेष कावेबाज आहेत. केना निळ्या फुलांवरून सर्वांच्या ओळखीचा आहे. पण याच्या मुळाशीं, मातीखालींही, न उमलणारीं फुलें येतात आणि तेथेंही बीं धरतें. तेव्हां वर फूल दिसत नाहीं म्हणून केना निर्बीज आहे असें समजूं नये, आणि तो मुळासकट काढल्यावांचून सोडूं नये. दुसरी घोळ. हिचे देठ मांसल; उपटून ओल्या मातीवर टाकलें तर ती पुन्हां मूळ धरते, आणि फुलावर आलेली असेल तर उपटल्यानंतरही सांठविलेल्या रसावर बीं पिकविते. हिला फरशीवर अथवा पत्र्यावर चांगलें ऊन दाखवूनच ढिगांत घालावें.

ढिगाच्या शास्त्राचा उगम इंदूरचा, आणि त्यांत एका मराठी नांवाचा वांटा आहे याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूरच्या वनस्पतिसंशोधन संस्थेंत १९२४ ते १९३१ या काळांत शेतांतील टाकाऊ काडीकचरा, तण, पाचोळा आणि शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत बसविली, ती पुढें जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गाजली. १९३१ मध्यें तिच्यावरील जो ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीनें यशवंत वाड यांचें नांव आहे. चीनमधील शेतकऱ्यांची जुनी वहिवाट, आपल्याकडील उकिरडा आणि प्रयोगशाळेंतील मोजमाप यांचा मेळ त्यांत घातलेला होता. शेतकऱ्याला जें उपद्रव वाटे तें त्यांच्या लेखीं कच्चा माल होता, आणि त्यांत तण अग्रभागीं होतें.

घरगुती बागेंत ही पद्धत अशी करावी. निदान तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तितकीच उंची होईल एवढी सावलींतली जागा निवडावी. तळाशीं वांग्याच्या, तुरीच्या अगर जास्वंदीच्या जाड काड्या आडव्यातिडव्या पसराव्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यांवर वीतभर सुका पाचोळा, मग त्याच्या निम्म्यानें हिरवें तण, मग शेणकाल्याचा शिडकावा आणि वर मूठ-दोन मुठी बागेची माती, या क्रमानें थर चढवीत जावें. सुक्याचें प्रमाण अधिक ठेवण्याचें कारण असें, कीं हिरव्या तणांत नत्र भरपूर व कर्ब त्या मानानें थोडा असतो, आणि पाचोळ्यांत याच्या उलट. कुजविणाऱ्या जीवांना नत्राच्या एका भागास कर्बाचे पंचवीस-तीस भाग असले म्हणजे मानवतें. निव्वळ हिरवें कोंबलें तर ढीग बसतो, चिकट होतो आणि नाकाला पदर लावावा लागतो. निव्वळ सुकें ठेवलें तर वर्षभर तसेंच राहतें. तण श्रावणांत मुबलक व पाचोळा मात्र माघ-फाल्गुनांत गळतो, ही आपल्याकडची अडचण आहे. म्हणून पानगळीच्या दिवसांत पाचोळ्याचीं दोन-चार पोतीं भरून कोरड्या जागीं ठेवणारा मनुष्यच श्रावणांत सुखी होतो.

ओलावा पाहण्यास यंत्र नको. ढिगांतील मूठभर माल घट्ट पिळावा. हात ओला व्हावा पण पाणी ठिबकूं नये. पावसांत ढीग गोणपाटानें व वरून पत्र्यानें झांकावा, नाहींतर सत्त्व पन्हाळींतून वाहून जातें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं ढिगाच्या पोटांत लोखंडी सळई खुपसून थोड्या वेळानें बाहेर काढावी. ती हातांत धरवत नसेल तर काम नीट चाललें आहे. पोटांतील उष्णता पंचावन्न अंश सेल्सियसच्या वर तीन-चार दिवस टिकली, तर बहुतेक तणांचें बीं मरतें. परंतु ही ऊब मधल्या भागालाच मिळते, कडेच्या मालाला मिळत नाहीं. म्हणून सुमारें पंधरा दिवसांनीं, पुन्हां पंधरा दिवसांनीं आणि तदनंतर महिन्यानें असा तीनदां ढीग उलथून कडेचें आंत व आंतलें बाहेर करावें. ही उलथापालथ अंगमेहनतीची आहे आणि ती टाळण्याकडे सर्वांचा कल असतो. पण बियांचा बंदोबस्त होतो तो येथेंच. तीन महिन्यांत माल काळसर, भुसभुशीत आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारा झाला, कीं खत तयार झालें म्हणावें.

उलथण्याचा त्रास नको असेल त्यांच्यासाठीं विदर्भानें एक तोड काढलेली आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद येथील नारायण पांढरीपांडे यांनीं विटांच्या भिंतींत मुद्दाम भोंकें ठेवून बांधलेल्या टाक्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. टाकें दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असतें. त्यांत सुमारें दीड हजार किलो काडीकचऱ्यास शेण लागतें तें शंभर किलोच्या आंतबाहेर, आणि थरांमधून गाळलेली माती मात्र सढळ घालावी लागते. वरून शेणमातीनें लिंपून टाकलें, कीं भिंतींतील भोंकांतून हवा मिळत राहते आणि तीन-चार महिन्यांत खत होतें. शेण जेथें मोजून-मापून मिळतें अशा आजच्या दिवसांत या पद्धतीची किंमत अधिकच वाटते. मात्र एवढें टाकें मोठ्या परसालाच शोभतें.

ज्यांची बाग सज्जांतल्या वीस-पंचवीस कुंड्यांत सामावते, त्यांनीं भोंकें पाडलेलें जुनें पिंप अगर फुटका माठ घ्यावा. एवढ्याशा मालांत ऊब सांचत नाहीं, सबब बीं मरण्याची आशा धरूं नये. येथें फुलापूर्वीचेंच तण घालावें. शेण न मिळाल्यास मागील खताच्या दोन मुठी विरजणासारख्या मिसळाव्या. गणेशोत्सवांतील पत्री व निर्माल्य, दोरे आणि चकचकीत कागद काढून, याच पिंपांत जाण्यास हरकत नाहीं. आघाडा, माका, दूर्वा हीं तरी मूळचीं तणेंच. मात्र आघाड्याचा पिकलेला तुरा वेगळा काढावा, कारण त्याचें बीं धोतराच्या सोग्याला चिकटून घरभर फिरतें हें सर्वांस ठाऊक आहे.

दूर्वांचें नांव निघालें म्हणून सांगतों. गजाननास प्रिय असलेली ही हरळी आणि तिच्या जोडीचा लव्हाळा हीं दोन तणें सामान्य नियमांत बसत नाहींत. हरळीच्या धांवत्या खोडाचें प्रत्येक पेर हें एक नवें झाड आहे. लव्हाळ्याच्या मुळांना माळेसारख्या काळ्या गांठी असतात. पान ओढलें तर पान हातांत येतें आणि गांठ मातींत राहून दुप्पट जोमानें फुटते. या गांठी कोमट ढिगांत मरत तर नाहींतच, उलट ऐसपैस पसरतात; पाण्यांत बुडवूनही त्या दीर्घ काळ जिवंत राहतात. हीं दोन्हीं मुळासकट खणून, माती झटकून, कडक उन्हांत फरशीवर निदान दोन आठवडे खडखडीत वाळवावीं आणि गांठ फोडल्यावर आंतही ओल दिसेनाशी झाली, म्हणजे मगच ढिगांत घालावीं. पावसाळ्यांत असें ऊन मिळत नाहीं. तेव्हां तीं काळ्या पिशवींत बांधून आश्विनाच्या उन्हापर्यंत थांबावें. थांबण्यास जागा नसेल तर खुशाल कचऱ्याच्या गाडींत द्यावीं. सर्वच धन वसूल करण्याचा हट्ट परवडत नाहीं.

गाजरगवताविषयीं मात्र आम्ही अधिक गंभीरपणें लिहितों. मूळ अमेरिका खंडांतील या तणाची पुण्यांत आढळल्याची नोंद १९५६ मध्यें प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तें देशभर पसरलें. एकेका झाडावर हजारों बीं येतें. त्याच्या स्पर्शानें पुष्कळांच्या त्वचेला तीव्र खाज सुटते व चट्टे उठतात, परागकणांनीं दम्याचा विकार बळावतो. एकदां जडलेली ही बाधा वर्षानुवर्षें पिच्छा पुरविते. याचें खत होऊं शकतें, आणि जबलपूर येथील तणविषयक केंद्रीय संशोधन संस्था त्याचा पुरस्कारही करते. पण फूल येण्यापूर्वीच उपटलेल्या झाडांचें, आणि नीट तापणाऱ्या ढिगांत अथवा टाक्यांतच. उपटतांना हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल असावा. मुलांना या कामास केव्हांही लावूं नये. घरांत कोणास दमा किंवा त्वचेचा विकार असेल तर खताच्या लोभानें हें तण हाताळूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. रस्त्याच्या कडेचें तण उचलून आणणारांनींही थोडा विचार करावा. त्यावर तणनाशक फवारलेलें असल्यास त्याचा अंश आपल्या रोपांना भोंवूं शकतो.

ज्यांना तीन महिने धीर धरवत नाहीं ते तणाचें पाणी करतात. झांकणाच्या बादलींत तिसरा हिस्सा चिरलेलें कोवळें तण घालून वर दगड ठेवावा, तें बुडेपर्यंत पाणी ओतावें आणि दोन-तीन आठवडे कुजूं द्यावें. डांस अंडीं घालूं नयेत म्हणून झांकणाखालीं दाट फडकें बांधणें अत्यावश्यक आहे. डेंग्यूच्या दिवसांत हा निष्काळजीपणा महागांत पडतो. तयार झालेलें पाणी गाळून, त्यांत दहापट साधें पाणी मिसळून, फिक्या चहाच्या रंगाचें झालें म्हणजे झाडाच्या बुंध्याशीं घालावें. कच्च्या खावयाच्या पालेभाजीवर घालूं नये. तणांतील पालाश व कांहीं नत्र यांतून झाडास लवकर मिळतो. पण मातीचा पोत यानें सुधारत नाहीं, म्हणून यास खताची जागा देतां येणार नाहीं. आणि वास! ज्यांचा शेजाऱ्यांशीं स्नेह आहे त्यांनीं बादली परसाच्या टोंकाला ठेवावी. कुजवणाच्या पाण्याची ही कल्पना आपल्याकडे बरीच जुनी आहे. सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या संस्कृत ग्रंथांत कुणपजल सांगितलेलें आहे. १९९६ मध्यें नलिनी साधले यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें आणि कृषितज्ज्ञांचें लक्ष तिकडे वेधलें. मूळ कृतींत मांस व चरबी शिजवून घालावयाची असल्यानें आमच्या बहुतेक वाचकांच्या घरांत तिला प्रवेश मिळावयाचा नाहीं. पण अलीकडे मांसाच्या जागीं तण घालून निव्वळ वनस्पतींचें कुणपजलही करतात.

सर्वांत कमी खटपटीचा मार्ग म्हणजे तण जेथें वाढलें तेथेंच निजविणें. कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनीं नांगरणी सोडून तण जागच्या जागीं कुजविण्याची शेती केली आहे आणि तिच्याविषयीं विपुल लिहिलेंही आहे. वरचा भाग विळ्यानें कापून आच्छादन करावयाचें आणि मुळें मातींतच कुजूं द्यावयाचीं, म्हणजे त्यांच्या वाटांनीं हवा व पाणी खालीं उतरतें. आंबा, लिंबू, नारळ यांच्या आळ्यांत ही रीत उत्तम. गुलाबाच्या वा भाजीच्या वाफ्यांत कापलेलें तण रोपाच्या खोडाला चिकटवूं नये, चार बोटें दूर ठेवावें. नाहींतर ओलीनें खोड कुजतें आणि गोगलगायींना आयतें घर मिळतें.

श्रावणांत घातलेला ढीग कार्तिक-मार्गशीर्षांत हातीं येतो, आणि हिंवाळी फुलझाडांस व गुलाबाच्या छाटणीनंतरच्या फुटीस तो अगदीं वेळेवर सांपडतो. परंतु सारी रास बागेंत पसरण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. चाळलेलें खत दोन कुंड्यांत भरावें. एकींत मेथीचे दहा-वीस दाणे टाकावे. चार-पांच दिवसांत ते सरळ व हिरवेगार उगवले तर खत पिकलें आहे, पिवळट अगर वांकडे निघाले तर महिनाभर थांबावें. दुसऱ्या कुंडींत कांहींच न पेरतां नुसतें पाणी घालीत राहावें. पंधरा दिवसांत तींत दोन-चार कोंब दिसले तर खुशाल खत वापरावें आणि ते कोंब चिमटीनें काढावे. कुंडी हिरवीगार झाली, तर ती रास पुन्हां ओली करून, नवें शेण मिसळून, झांकून तापत ठेवावी.